झडप कापायची, अस्तर राखायचं

बेंगळुरूच्या मिलिटरी हॉटेलात, म्हणजे मांसाहारी खानावळीत, रागी मुद्दे मागवलं की शेजारच्या टेबलावरचा एखादा जाणता गिऱ्हाईक नवख्या मराठी माणसाला हमखास सांगतो, चावू नका, गिळा. नाचणीच्या वाफाळत्या गोळ्यातून बोटांनी छोटा तुकडा तोडायचा, सारूत बुडवायचा आणि दात न लावता घशाखाली उतरवायचा. पुढचं काम अन्ननलिकेचं. मोठ्या माणसात ही नळी सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. तिचे स्नायू वरून खाली लाटेसारखे आवळत जातात, आठ-दहा सेकंदांत घास जठराच्या तोंडाशी पोचतो आणि तिथली झडप त्या वेळेपुरती सैल होऊन त्याला आत घेते. ही झडप सैलच होत नसेल, तर त्या आजाराला ‘अकॅलेशिया कार्डिया’ म्हणतात.

आजार तसा दुर्मीळ. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण एक नवा रुग्ण सापडतो. दुर्मीळ असल्यामुळेच तो लवकर ओळखला जात नाही. छातीत जळजळतं म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या सुरू होतात. रात्री झोपेत खाल्लेलं वर येतं, श्वासनलिकेत जातं आणि खोकला येतो, म्हणून दम्याचं औषध दिलं जातं. वजन उतरतं तेव्हा क्षयाची तपासणी होते. तरुण मुलगी असली की ‘जेवायची नाटकं करते’ असंही घरात बोललं जातं. अशीच दोन-चार वर्षं जातात. तोवर रुग्णाने आपल्या युक्त्या शोधलेल्या असतात. तो उभ्याने जेवतो, प्रत्येक घासामागे पाणी पितो, खांदे मागे ओढून छाती ताणतो आणि लग्नाच्या पंगतीला जायचं टाळतो.

एक खूण मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. अन्ननलिकेच्या कर्करोगात बहुधा आधी भाकरी-पोळी अडकते, नंतर भात आणि शेवटी पाणी. अकॅलेशियात पाणीसुद्धा बहुतेकदा पहिल्यापासूनच अडकतं. या खुणेवर निदान होत नाही, पण कोणत्या दिशेने तपास करायचा ते कळतं. पन्नाशी-साठीनंतर त्रास अचानक सुरू झाला असेल आणि काही महिन्यांत वजन झपाट्याने उतरलं असेल, तर जठराच्या तोंडाशी लपलेली गाठ हुबेहूब अकॅलेशियाचं सोंग घेऊ शकते. म्हणून एंडोस्कोपी टाळून चालत नाही.

बिघाड नेमका कुठे होतो? अन्ननलिकेच्या स्नायूंच्या थरांमध्ये मज्जापेशींचं जाळं असतं. त्यातल्या काही पेशी स्नायूला ‘आवळ’ असा निरोप देतात आणि काही ‘सैल हो’ असा. ‘सैल हो’ हा निरोप मुख्यतः नायट्रिक ऑक्साइडमार्फत जातो. अकॅलेशियात याच पेशी मरत जातात. बहुधा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटते. दक्षिण अमेरिकेत चागास नावाच्या परजीवीजन्य रोगातही हाच नाश होतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, त्यामुळे आजार मुळापासून बरा करणारं औषध नाही. निफेडिपिनसारख्या गोळ्यांनी थोडा वेळ आराम पडतो. झडपेत बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं तर काही महिने बरे जातात. हा इंजेक्शनाचा उपाय पंकज पसरिचा या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकात अमेरिकेत पुढे आणला. आज तो मुख्यतः ज्यांना भूल देणं धोक्याचं आहे अशा वृद्धांसाठी राखून ठेवतात. बाकीच्यांसाठी मार्ग एकच उरतो, झडप जबरदस्तीने उघडणं.

ही जबरदस्ती जुनी आहे. १६७४च्या सुमारास थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने देवमाशाच्या लवचीक हाडाच्या काडीला टोकाशी स्पंज बांधला आणि एका रुग्णाला ती रोज घशातून आत ढकलून अन्न खाली लोटायला शिकवलं. तो माणूस अनेक वर्षं असाच जेवला. आजचा हवेचा फुगा हा त्याच काडीचा वारसदार. ३० ते ४० मिलिमीटर व्यासाचा फुगा झडपेत फुगवून तिचे तंतू फाडतात. त्याला हसू नये. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत फुगा आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली, तेव्हा दोन वर्षांनंतर ८६ विरुद्ध ९० टक्के रुग्ण समाधानकारक गिळत होते. फरक नगण्य होता. मात्र फुगा अनेकदा पुन्हा फुगवावा लागतो, आणि शंभरांतल्या एखाद-दुसऱ्याची अन्ननलिका फाटते.

शस्त्रक्रियेचा जनक एर्न्स्ट हेलर. १९१३मध्ये जर्मनीत लाइपझिगला त्याने झडपेचे स्नायू उभे चिरले, पुढूनही आणि मागूनही. पुढे एकच पुढची चीर पुरते असं डच शल्यविशारद झाइयर यांनी दाखवलं. शंभरावर वर्षांत स्नायू चिरायची ही मूळ कल्पना बदललेली नाही. बदलली ती मुख्यतः तिथवर पोचायची वाट. आधी छाती किंवा पोट उघडावं लागे. १९९१मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत कुशिएरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम पोटातून दुर्बिणीने केल्याचं जाहीर केलं. भारतात दुर्बिणीची शस्त्रक्रिया तेव्हा नुकतीच पाय रोवत होती. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९०मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं होतं. आज रोबोटबद्दल ‘हे महागडं खेळणं’ असं जे बोललं जातं, ते तेव्हा दुर्बिणीबद्दलही बोललं गेलं होतं.

आता प्रत्यक्ष टेबलावर काय होतं ते पाहू, कारण दोन पद्धतींची तुलना तिथेच करायची आहे. ऑपरेशनआधी एक-दोन दिवस रुग्णाला फक्त पातळ पदार्थ देतात. तरीही फुगलेल्या अन्ननलिकेत जुनं अन्न साचलेलं असू शकतं आणि भूल देताना ते फुप्फुसात उतरण्याची भीती असते. भूलतज्ज्ञाला या ऑपरेशनात सर्वांत जास्त धास्ती या क्षणाची असते. मग पोटावर पाच ते बारा मिलिमीटरची चार-पाच छिद्रं पाडून कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवतात. यकृताचा डावा भाग वर उचलून धरतात. जठर आणि अन्ननलिका जिथे मिळतात ती जागा मोकळी करतात. पुढून जाणारी व्हेगस नस सांभाळून बाजूला घेतात. आणि मग खरं काम सुरू होतं. अन्ननलिकेवर पाच-सहा सेंटिमीटर आणि खाली जठरावर दोन-तीन सेंटिमीटर एवढ्या लांबीत स्नायूचे सगळे तंतू कापायचे आणि त्यांच्याखालचं अस्तर मात्र शाबूत ठेवायचं. कच्च्या अंड्याचं कवच काढून आतला पापुद्रा न फोडता ठेवण्यासारखं हे काम आहे. तंतू थोडे राहिले तर घास अडकतच राहतो. चीर जास्त खोल गेली तर अस्तराला भोक पडतं.

जठराच्या बाजूच्या त्या दोन-तीन सेंटिमीटरांवर बहुतेक सगळं अवलंबून असतं. अन्ननलिकेवर स्नायूचा थर सहज वेगळा होतो. जठरावर तंतू तिरके जातात, अस्तराला चिकटतात, बारीक रक्तवाहिन्या मध्ये येतात. शिकाऊ हात इथेच आखडता घेतो आणि चीर अपुरी राहते. ऑपरेशननंतर लवकरच पुन्हा अडकू लागलेल्यांमध्ये अपुरी राहिलेली ही खालची चीर हे नेहमी आढळणारं कारण आहे.

झडप कापली की अडसर जातो, पण जठरातलं आम्लही वर यायला मोकळं होतं. म्हणून जठराचा वरचा भाग पुढून चिरेवर आणून टाचतात (ही ‘डोर’ घडी) किंवा मागून अर्ध्याहून जास्त वेढतात (ही ‘टूपे’). २००४मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत घडी न घातलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना आम्ल वर येण्याचा त्रास झाला, तर डोर घडी घातलेल्यांपैकी फक्त नऊ टक्क्यांना. तेव्हापासून घडी हा ऑपरेशनचाच भाग झाला आहे.

दुर्बिणीच्या पद्धतीत हे सगळं लांब, सरळ, मनगट नसलेल्या अवजारांनी करायचं असतं. पोटाच्या भिंतीतलं छिद्र हाच टेकू असल्यामुळे शल्यविशारदाचा हात उजवीकडे गेला की अवजाराचं टोक डावीकडे जातं. हाताची बारीकशी थरथर टोकाशी वाढून पोचते. कॅमेरा सहायकाच्या हातात असतो आणि दोन तासांनी तो हात दमतो. अनुभवी माणूस या सगळ्यावर मात करतो. रोज हजारो ऑपरेशनं अशीच होतात आणि नीट होतात.

रोबोट या अडचणींवर उतारा आहे. शल्यविशारद रुग्णापासून चार पावलांवर कन्सोलवर बसतो, डोळ्यांसमोर त्रिमितीय आणि दहापट मोठं चित्र असतं, आणि त्याच्या बोटांच्या हालचाली यंत्राचे हात पोटात करतात. अवजाराच्या टोकाला मनगट असतं आणि ते माणसाच्या मनगटापेक्षाही जास्त वळतं. थरथर गाळली जाते. हाताची मोठी हालचाल टोकाशी लहान करून घेता येते. कॅमेरा शल्यविशारदाच्याच ताब्यात राहतो. यंत्र स्वतःहून एक तंतूही कापत नाही. रोबोट म्हटलं की मशीनच ऑपरेशन करतं असं अनेक नातेवाइकांना वाटतं, म्हणून हे सांगायला हवं. उणीव एक होती, अवजाराला लागणारा ताण हाताला कळत नसे, फक्त डोळ्यांनी ओळखावा लागे. अमेरिकेत २०२४मध्ये परवानगी मिळालेल्या ‘दा विंची ५’मध्ये हा स्पर्शही काही प्रमाणात परत आणला आहे, पण आपल्याकडच्या बहुतेक थिएटरांतली यंत्रं त्याआधीच्या पिढ्यांची आहेत.

दा विंची यंत्राला अमेरिकेत २०००मध्ये परवानगी मिळाली आणि त्यानंतर लगेचच अकॅलेशियासाठी ते वापरलं गेलं. ते बनवणाऱ्या ‘इन्ट्युइटिव्ह’ कंपनीने २०१८मध्ये भारतात थेट कारभार सुरू केला, तो बेंगळुरूमधून. या शहरात रोबोट इतके दिसतात त्यामागे हे एक कारण आहेच. दुसरं कारण, इथला पगारदार, विमा असलेला रुग्ण. पुण्याचाही या कथेत मानाचा भाग आहे. ‘व्हर्सियस’ हा ब्रिटिश रोबोट माणसावर पहिल्यांदा वापरला गेला तो २०१९मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात, डॉ. धनंजय केळकर यांच्या पथकाने केलेल्या चाचणीत. आता गुरुग्रामचा ‘मंत्रा’ हा देशी रोबोटही बाजारात आहे, त्यामुळे एकाच कंपनीचं राज्य हळूहळू ढिलं होत आहे.

मग रोबोटने ऑपरेशन केलेला रुग्ण जास्त चांगलं गिळतो का? याचं सरळ उत्तर ‘नाही’ असं आहे. २००५मध्ये काही केंद्रांनी मिळून ५९ रोबोटिक आणि ६२ दुर्बिणीच्या ऑपरेशनांची तुलना प्रसिद्ध केली. गिळणं सुधारलेले रुग्ण अनुक्रमे ९२ आणि ९० टक्के, म्हणजे सारखेच. फरक अस्तराला भोक पडण्यात होता. दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, रोबोटच्या गटात एकही नाही. रोबोटच्या जाहिरातीत हा आकडा पुन्हापुन्हा भेटतो. तो खरा आहे, पण अर्धा. दुर्बिणीच्या ऑपरेशनांचे हजारो रुग्ण एकत्र करून २००९मध्ये जो आढावा निघाला, त्यात भोक पडण्याचं प्रमाण सुमारे सात टक्के होतं, आणि त्यामुळे पुढे खरोखर त्रास झालेले रुग्ण शंभरांत एकाहूनही कमी होते. कारण भोक तिथेच दिसलं तर बारीक टाक्यांनी शिवता येतं, वर जठराची घडी येते आणि रुग्ण एखाद-दोन दिवस जास्त राहून घरी जातो. न दिसलेलं भोक घातक ठरतं. म्हणून चीर झाल्यावर त्यावर पाणी सोडून आतून एंडोस्कोपने हवा भरतात आणि बुडबुडे येतात का ते पाहतात. ही तपासणी दोन्ही पद्धतींत करता येते आणि दोन्हींत करायलाच हवी.

शिवाय रोबोटच्या बाजूचा बहुतेक पुरावा जुन्या नोंदी चाळून काढलेला आहे. रोबोट ज्या केंद्रांकडे आला ती आधीच मोठी, सरावलेली केंद्रं होती. त्यामुळे श्रेय यंत्राचं किती आणि हाताचं किती, हे अशा नोंदींतून सुटं करता येत नाही. माझं मत असं, की जिथे पोट आधी उघडलेलं आहे, पहिली मायोटॉमी (म्हणजे स्नायू चिरण्याचं हेच ऑपरेशन) फसली आहे, चिकटलेल्या ऊतींतून वाट काढायची आहे किंवा अन्ननलिकेची चीर छातीत उंचावर न्यायची आहे, तिथे रोबोटचं मनगट आणि नजर खरोखर कामी येते. साध्या, पहिल्याच ऑपरेशनात त्याचा फायदा रुग्णापेक्षा शल्यविशारदाच्या मानेला आणि खांद्यांना जास्त होतो. तो फायदाही क्षुल्लक नाही, पण त्याचं बिल रुग्णाच्या नावे फाडलं जातं.

या वादात एक तिसरा प्रतिस्पर्धी आहे आणि खरं तर सर्वांत तगडा तोच. २००८मध्ये जपानमध्ये योकोहामाच्या हारुहिरो इनोउए यांनी पोटावर एकही छिद्र न पाडता, तोंडातून घातलेल्या एंडोस्कोपनेच झडप कापली. अस्तरात एक छोटी चीर पाडायची, अस्तर आणि स्नायू यांच्यामधून बोगदा करत खाली जायचं, आतून स्नायू कापायचा आणि येताना दार क्लिपांनी बंद करायचं. ही ‘पोएम’. डुकरांवर ही कल्पना आधी करून पाहणाऱ्या गटात वर उल्लेखलेले पसरिचाच होते. भारतात हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीने चारशेहून जास्त रुग्णांचे निष्कर्ष २०१७मध्येच प्रसिद्ध केले, आणि बेंगळुरूतही पोएम करणारे पोटविकारतज्ज्ञ आहेत. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांनंतर पोएमचं यश ८३ टक्के आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं ८२ टक्क्यांच्या जवळ होतं. पण पोएममध्ये घडी घातली जात नाही. दोन वर्षांनी आम्लाने अन्ननलिका सोलवटलेले रुग्ण पोएमनंतर ४४ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर २९ टक्के निघाले. चाळिशीच्या आतल्या माणसाला अनेक दशकं आम्लाच्या गोळ्या खायच्या आहेत की पोटावर चार छिद्रांची खूण चालेल, हे ठरवायला वेळ द्यावा.

कोणाला काय, हे ठरवणारी तपासणी म्हणजे हाय-रिझोल्यूशन मॅनोमेट्री. नाकातून पातळ नळी घालून अन्ननलिकेच्या इंचाइंचावरचा दाब मोजतात आणि त्यावरून आजाराचे तीन प्रकार ठरतात. पहिल्या प्रकारात अन्ननलिका पार निपचित पडलेली असते. दुसऱ्यात ती सगळीकडून एकदम दबते आणि याच प्रकारात कोणत्याही उपचाराचा निकाल सर्वांत चांगला लागतो. तिसऱ्यात अन्ननलिकेला वेडेवाकडे झटके येतात, तिथे चीर बरीच वरपर्यंत न्यावी लागते, आणि तोंडातून वर हवं तितकं कापता येत असल्याने तिथे पोएमचं पारडं जड असतं. जोडीला बेरियमचा एक्स-रे हवा. त्यात खालचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं दिसतं, आणि एक, दोन व पाच मिनिटांनी काढलेल्या फोटोंत बेरियम किती उरलं ते मोजता येतं. मॅनोमेट्रीशिवाय ऑपरेशनची तारीख देणाऱ्या ठिकाणाहून, यंत्र कितीही नवं असो, उठून यावं.

आता बेंगळुरूचा हिशेब मांडू. शहराची वस्ती दीड कोटीच्या आसपास धरली आणि लाखामागे एक हा दर लावला, तर वर्षाला नवे रुग्ण दीडशेच्या आसपास होतात. त्यांतले काही फुग्याकडे जातात, काही पोएमकडे. उरलेले होसूर रस्त्यापासून हेब्बाळपर्यंत पसरलेल्या डझनावारी रुग्णालयांत विभागले जातात. बाहेरगावचे रुग्ण धरले तरी एकेका शल्यविशारदाच्या वाट्याला वर्षाला मूठभर मायोटॉमी येतात. मला वाटतं, रोबोट की दुर्बीण यापेक्षा हा आकडा जास्त बोलका आहे. या ऑपरेशनात हात बसायला वीसेक केसेस तरी लागतात असं शल्यविशारद स्वतः सांगतात. तेव्हा विचारायचं ते असं. डॉक्टर, तुम्ही आजवर किती मायोटॉमी केल्या? त्यांतल्या किती याच पद्धतीने? किती जणांना भोक पडलं, आणि किती जणांना पुन्हा उपचार लागले? जाणता डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही, त्याच्याकडे उत्तरं तयार असतात. बेळगाव-निपाणीकडच्या माणसाने तर हाच प्रश्न आधी मिरज, कोल्हापूर, पुण्यातही विचारून पाहावा. जवळच्या गावात शंभर ऑपरेशनं केलेला दुर्बीणवाला असेल तर रोबोटसाठी रात्रभराचा प्रवास करण्यात अर्थ नाही.

खर्चाचं गणित सरळ आहे. यंत्राची किंमत कोटींत, देखभालीचा करार वेगळा, आणि त्याची अवजारं ठरावीक वेळाच वापरता येतात. किती वापर झाले हे यंत्रच मोजतं आणि आकडा भरला की अवजार चालायचं थांबतं. त्यामुळे त्याच रुग्णालयात, त्याच डॉक्टरकडून, तेच ऑपरेशन रोबोटने केलं की बिल चढतं. विमा नियामक मंडळाच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनी रोबोटिक शस्त्रक्रिया पॉलिसीतून सरसकट वगळायला मनाई केली, पण तिच्या रकमेवर मर्यादा घालायची मुभा कंपनीला दिली. अशी मर्यादा असेल तर ती पॉलिसीच्या आतल्या पानात असते. दाखल होण्याआधी ती शोधून काढा आणि रुग्णालयाकडून दोन्ही पद्धतींचा अंदाजे खर्च वेगवेगळा लिहून घ्या.

ऑपरेशन उत्तम झालं तरी अन्ननलिकेची हरवलेली लाट बहुधा परत येत नाही. घास गुरुत्वाकर्षणानेच खाली उतरतो. म्हणून ताठ बसून, नीट चावून, सोबत पाणी घेऊन जेवायचं आणि जेवणानंतर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही, हे नेहमीचंच होऊन बसतं. काही वर्षांनी चिरेवर वण येऊन पुन्हा अडकू लागू शकतं, आणि जुन्या, फुगलेल्या अन्ननलिकेत कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो. तेव्हा बरं वाटतंय म्हणून तपासण्या सोडू नका. डॉक्टर सांगतील त्या अंतराने एंडोस्कोपी करून घ्या, आणि पुन्हा घास अडकू लागला तर ॲसिडिटीची गोळी घेऊन वाट पाहण्याऐवजी बेरियमचा फोटो काढायला जा.